कोरड्या विहिरीवरचे तरंग

आमचे दादा कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय खरी मानत नसत. दूध आलं की थेंबभर बोटावर घेऊन तिरक्या फरशीवर सोडायचे आणि ओघळ किती दाट उतरतो ते वाकून बघायचे. एसटीचं तिकीट कंडक्टरच्या देखतच उलटसुलट करून वाचायचे. ते जामसरच्या शाळेत मास्तर होते आणि रोज जव्हारहून जाऊन येऊन करत. पोरांच्या गैरहजेरीची कारणं ऐकून ऐकून त्यांचा स्वभाव असा झाला, असं आई म्हणे. संध्याकाळी दारात पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज कोण येऊन गेलं?" आई चुलीपुढे बसून नागलीची भाकर थापत असायची. थापण्याचा आवाज क्षणभर थांबायचा, ती म्हणायची, "कोणी नाही," आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा. दादा मात्र ओट्यावरच्या पाटाची जागा बदललेली आहे का, ते बघून घ्यायचे. अशा घरात वाढल्यामुळे मलाही समोरच्याच्या बोलण्याआधी त्याचे हात बघायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही.

बारावीनंतर डी.एड.ला नंबर लागेना, तेव्हा मी कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत जायला लागले. स्टुडिओ वसंतभाऊंचा. उंच, सडसडीत माणूस, फोटो काढण्यात वाकबगार, पण नव्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरला जरा बिचकून असायचा. मला नोकरीवर ठेवण्याआधी दादा स्टुडिओ बघायला आले होते. मागच्या अंधाऱ्या खोलीचा दरवाजा त्यांनी स्वतः उघडून पाहिला, पडद्यामागे डोकावले, वसंतभाऊंच्या वडिलांचं गाव विचारलं, आणि शेवटी माझी खुर्ची रस्त्यावरून दिसेल अशी हलवून घेतली. ती खुर्ची मी सोडेपर्यंत तिथेच राहिली. तिच्यावर बसलं की एसटी डेपोतल्या भोंग्यातून मोखाडा, खोडाळा, विक्रमगड अशी नावं घोगऱ्या आवाजात दिवसभर कानावर पडत. वीज गेली की टेबलाखालचा यूपीएस पक्ष्याच्या पिल्लासारखा ओरडायला लागायचा आणि मी घाईघाईनं फाइल सेव्ह करायची.

फोटो दुरुस्त करायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्टर' नावाची यादी होती आणि तिच्यात 'डिस्टॉर्ट' नावाची आणखी एक. कोर्समध्ये त्याबद्दल कोणी शिकवलं नव्हतं. वसंतभाऊ म्हणाले, "त्या बाजूला जाऊ नको, फोटो खराब होतो." म्हणून मी गिऱ्हाईक नसताना नेमकी त्याच बाजूला गेले. 'ट्वर्ल' केलं की चेहरा पाण्यात भोवरा पडावा तसा नाकाभोवती फिरायचा. 'पिंच'नं गाल आत ओढले जायचे, 'स्फेराइज'नं माणूस लोट्याच्या पोटावर दिसावा तसा फुगायचा. 'रिपल'नं सरळ भिंतसुद्धा थरथरायची. प्रत्येकात एक छोटी पट्टी असायची, ती उजवीकडे सरकवत गेलं की विकृती वाढत जायची. मला गंमत वाटायची ती पट्टी अगदी थोडी सरकवण्यात. पूर्ण सरकवली तर कोणालाही कळतं. पण दहा-बारावर ठेवली तर बघणाऱ्याला काहीतरी वेगळं वाटतं आणि काय ते सांगता येत नाही. एका लग्नाच्या फोटोत नवरदेवाची बसकी छाती मी अशीच किंचित फुगवली. त्याची आई फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पोरगा लग्नात तब्येतीनं सुधारला व्हता बघ."

सगळेच असे खूश व्हायचे नाहीत. पेन्शनच्या फोटोसाठी आलेल्या एका म्हातारीला मी हौसेनं तिचाच चेहरा फिरवून दाखवला. ती खुर्चीवरून उठली, डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "आधी परत आण. आधी होता तसा परत आण." मी लगेच परत आणला. तरी तिनं आपले कान, नाक, हनुवटी चाचपून पाहिली, आणि जाताना दारातून पुन्हा वळून स्क्रीनकडे संशयानं पाहिलं. तेव्हा मला हसू आलं होतं.

होळी होऊन गेली होती. एक दिवस पांढरा शर्ट घातलेला माणूस स्टुडिओत आला. तो सरकारी विहिरी बांधणाऱ्या एका कंत्राटदाराचा माणूस होता. त्यानं एक सीडी आणली होती आणि तिच्यात एका नव्या विहिरीचा फोटो होता. दगडी कठडा नुकताच निळ्या रंगानं रंगवलेला, त्याचा एक कोपरा फुटका, मागे वाकडं बेहड्याचं झाड, आणि कठड्याच्या आत करडा, दगडधोंड्यांचा तळ. माणूस म्हणाला, "पाणी आहे, पण कॅमेऱ्यात आलं नाही. सावली पडली. तेवढं जरा पाणी दिसेल असं करा." मी त्याच्या हातांकडे पाहिलं. तो अंगठीचं बोट सारखं चोळत होता. मी विचारलं, "पाणी आहे तर मग पुन्हा फोटो का नाही काढत?" वसंतभाऊंनी माझ्याकडे डोळे वटारले. माणूस हसला. "ताई, तिथे जायला दिवस जातो. तुम्ही इथं बसून पाच मिनिटांत करता."

माणूस गेल्यावर वसंतभाऊ म्हणाले, "गिऱ्हाइकाला असले प्रश्न विचारायचे नसतात." मीही फार विचार केला नाही. खरं सांगायचं तर संशय आला होता, पण काम इतकं मनासारखं होतं की मी त्याला बाजूला बसवलं. तळाचा भाग मी अलगद निवडून घेतला. वरच्या आकाशाचा तुकडा उचलून त्यात बसवला, कठड्याची आणि झाडाची प्रतिमा उलटी करून पाण्यात पडल्यासारखी ठेवली, कडा काळोख्या केल्या. मग डिस्टॉर्टमधलं 'झिगझॅग' काढलं. त्यात तळ्यातल्या तरंगांसाठी वेगळा पर्याय असतो. पट्टी थोडी सरकवली आणि कोरड्या दगडांवर एकात एक अशी वर्तुळं उठली, जणू कोणी नुकताच खडा टाकलाय. मी खुर्चीत मागे रेलून बघत बसले. इतकं थंड, इतकं खोल पाणी झालं होतं की मला तहान लागली. वसंतभाऊंनी पहिल्यांदाच माझ्या कामाला "वा!" म्हटलं.

वैशाखात मी जनाआत्याकडे गेले. जनाआत्या ही दादांची धाकटी बहीण, सूर्यमाळच्या बाजूला डोंगरातल्या बेहड्याच्या पाड्यावर दिलेली. खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढे मिळेल ती जीप आणि शेवटी पायवाट. माझ्या पिशवीत आईनं बांधून दिलेली सुकट आणि डाळ होती. आत्याच्या घरी नेहमी पोचल्या पोचल्या तांब्याभर पाणी हातात मिळायचं. त्या दिवशी तिनं अर्धा पेला आणून दिला आणि मी पिईपर्यंत पेल्याकडे बघत राहिली. जेवणात वरईचा भात आणि उडदाचं घट्ट वरण होतं. ताटं धुतली नाहीत, राखेनं पुसून ठेवली. सोमाआतोबा, म्हणजे आत्याचा नवरा, जेवताना एक शब्दही बोलला नाही. एरवी हा माणूस मला बघून "आली गं मास्तरीण" म्हणून ओरडायचा. पाड्यावरची माणसंही त्याच्या अंगणातून न जाता मागच्या बांधावरून वळसा घालून जात होती.

जेवण झाल्यावर त्यानं वळचणीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातला एक झेरॉक्स कागद माझ्यापुढे उलगडला. "तू शिकलेली हायेस. बघ बरं, ही आमचीच हीर हाय का?"

काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये निळा रंग गेला होता, पण फुटका कोपरा होता, वाकडं झाड होतं, आणि मधोमध माझी वर्तुळं होती. झेरॉक्समध्ये तर ती जास्तच ठळक दिसत होती. फोटोखाली काहीतरी टाइप केलेलं आणि शेवटी आतोबाचा अंगठा.

गोष्ट अशी झाली होती. विहीर आतोबाच्या जमिनीच्या कडेला खणली होती. पाणी लागलं नव्हतं, म्हणून तिकडे कोणी फिरकतही नसे. कंत्राटदाराच्या माणसानं "खणकाम पुरं झालं, एवढंच लिहिलंय," असं सांगून आतोबाचा अंगठा घेतला. चैत्रात झरे आटले तेव्हा पाड्यावरची माणसं टँकर मागायला तालुक्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी फाइल उघडून फोटो दाखवला आणि त्याची झेरॉक्स हातात दिली. विहिरीत पाणी असताना टँकर कशाला? आणि पाणी आता नसेल तर ज्याची जमीन आहे त्यानं उपसून वावराला घेतलं असेल. पाड्यावरच्या लोकांना माहीत होतं की विहिरीला पाणी कधी लागलंच नाही. पण फोटोत पाणी होतं. म्हणजे कंत्राटदाराच्या माणसानं कुठून तरी बैलगाडीनं पिंपं आणून फोटोपुरतं पाणी ओतलं असणार, आणि ज्याचा अंगठा आहे त्याला हे ठाऊक असणार.

मी तेव्हा खरं सांगितलं नाही. हे लिहिताना आजही तेच वाक्य सगळ्यात जड जातं. मी म्हटलं, "दिसते तर तुमचीच," आणि कागद घडी घालून परत दिला.

सकाळी मी आत्याबरोबर झऱ्यावर गेले. झरा म्हणजे ओहोळाच्या कोरड्या पात्रात हातभर खणलेला खड्डा. आत्या त्यात वाटी धरून बसायची, पाणी पाझरून वाटी बुडेपर्यंत थांबायची आणि मग फडक्यातून हंड्यात गाळायची. रांगेतल्या बायका आत्याशी बोलत नव्हत्या. त्यांचं झालं तशा त्या निघून गेल्या आणि आम्ही दोघीच उरलो. वाटीकडे बघतच आत्या म्हणाली, "कमळे, तुला म्हणून सांगते. मलाबी कदी कदी वाटतं, यानं पाणी ओतताना बघितलं असंल. दुपारचा पहार घेऊन जातो. कुठं जातो ते सांगत नाय. लोक म्हणत्यात त्या माणसालाच भेटाया जातो. मी विचारत नाय. विचारलं आन खरं निघालं तं?"

माझ्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. मी तिला सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, निवडलेला तळ, उलटं झाड, तरंग. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं फडकं उचललं, पिळलं, ते पाणीसुद्धा हंड्यात पिळलं, आणि विचारलं, "म्हणजे पाणी तू केलंस?"

"हो."

"हीर आमची हाय ते ठावं व्हतं?"

"नाही. शप्पथ नाही."

"पण कोणाची तरी हाय, ते तं ठावं व्हतं," ती म्हणाली. एवढंच. तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि घरी जाताना वाटेत चार घरांपुढे थांबून मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

कोणी विश्वास ठेवला नाही. आम्ही पोचेपर्यंत आत्याच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यातली पारू नावाची एक उंच बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही त्याच्या बायकोची भाची. घरच्या माणसाला सोडवाया बोलणारच. दगडावं पाणी बोटानं येतं व्हय?" मी तिच्या जागी असते तरी हेच म्हटलं असतं. आतोबा तोवर निघून गेला होता. दुपारची वेळ होती.

मी जव्हारला परतले आणि दादांना सांगितलं. ते रागावतील म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभी होते. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तूच केलंस कशावरून? आत्याच्या मायेनं अंगावर घेत नाहीस ना?" दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर स्टुडिओत आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा कर. माझ्यासमोर." मूळ फोटो मी पुसत नसे, तो कॉम्प्युटरमध्ये तसाच होता. मी एकेक पायरी त्यांना करून दाखवली. शेवटची वर्तुळं उठली तसे दादा पुढे वाकले आणि त्यांनी स्क्रीनला बोट लावून पाहिलं. मग बोटाकडे पाहिलं. त्यांना तसं करताना बघून मला रडू फुटलं. वसंतभाऊंनी प्रत्येक पायरीचा एक असे पाच प्रिंट काढून दिले. "हे घेऊन जा," ते मला म्हणाले, "पण उद्यापासून येऊ नको. ती माणसं इथं विचारायला येतील." त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना दोष दिला नाही.

आम्ही तिघं ऑफिसात गेलो. दादा, मी आणि मुद्दाम बोलावून घेतलेली आत्या. साहेब तरुण होते आणि उद्धट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी पाचही प्रिंट टेबलावर ओळीनं मांडले. कोरडा तळ, त्यावर आकाश, मग झाड, मग काळोख, मग तरंग. त्यांनी नीट ऐकून घेतलं, प्रश्नही विचारले. मग त्यांनी हात पुढे केला, पाचही प्रिंट गोळा केले आणि उलट्या क्रमानं पुन्हा मांडले.

"आता बघ," ते म्हणाले. "पहिल्यात भरलेली विहीर. दुसऱ्यात तरंग गेले. शेवटी कोरडी. तुला पाणी आणता येतं तर घालवताही येत असेल. यातला मूळ कुठला, हे मी कसं ठरवू?"

मी प्रिंटकडे बघत राहिले, आणि खरोखरच, त्या क्रमानं पाहिलं तर ती आटत गेलेल्या पाण्याचीच चित्रं होती. इतकी खरी की क्षणभर मलाच शंका आली.

दादांनी घसा खाकरला. "साहेब, मी फार संशयी माणूस आहे. हिनं माझ्यासमोर करून दाखवलं, तरी माझं समाधान झालं नाही. म्हणून काल सकाळी मी तिथे जाऊन आलो." हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. भर उन्हात, पन्नाशी उलटलेला माणूस डोंगर चढून गेला होता. "कठड्यावरून खाली बघितलं. मी पाहिलं ते सांगत नाही. माझ्यावर तरी विश्वास का ठेवावा?"

आत्या आतापर्यंत दारापाशीच उभी होती. ती टेबलाजवळ आली. "तुमच्यापाशी गाडी हाय," ती म्हणाली. "चला. मी वाट दावते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. मग टोपी उचलली.

गाडी पाड्याच्या अलीकडच्या उतारावर थांबली. पुढे चालत गेलो. करवंदीच्या जाळ्यांतून वाट होती, आणि ऊन असं की दगड हाताला लावता येत नव्हते. विहीर जवळ आली तशी आत्या एकदम थांबली. खालून आवाज येत होता. ठक्, मग थोडी शांतता, मग ठक्. साहेब पुढे झाले आणि कठड्यावर हात ठेवून वाकले. आम्हीही वाकलो.

तळाशी माझा आतोबा उभा होता. उघडा, घामानं आणि मातीनं माखलेला, हातात पहार. एका बाजूला त्यानं फोडलेल्या दगडांची रास लावली होती, आणि तळ मूळ फोटोतल्यापेक्षा कमरेइतका खोल गेला होता.

"कोण आहे रे खाली?" साहेबांनी विचारलं.

त्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "मी सोमा."

"काय करतोस?"

"पाणी काढतोय साहेब," तो म्हणाला. "अंगठा माझा हाय ना."

आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण आवाज बाहेर आलाच. साहेबांनी आपल्या गाडीतली पाण्याची बाटली मागवली आणि ती दोराला बांधून खाली सोडली.

टँकर तिसऱ्या दिवशी सुरू झाला आणि आभाळ भरून येईपर्यंत येत राहिला. चौकशी होणार असं ऐकलं. झाली की नाही ते आम्हाला कोणी कळवलं नाही. तो पांढऱ्या शर्टवाला मला एकदा बाजारात दिसला, त्यानं ओळख दाखवली नाही. आतोबानं ती विहीर आणखी काही दिवस खणली. पाणी लागलं नाही. आत्यानं त्याला काय विचारलं, माफी मागितली का, हे मला कळलं नाही. मी विचारायला गेले नाही. पुढच्या वर्षी डी.एड.ला नंबर लागला आणि मी दादांच्याच वाटेनं मास्तरीण झाले. परवा माझ्या भाचीनं मोबाइलमध्ये माझ्या चेहऱ्याला मांजराचे कान लावून दाखवले. ती हसली, म्हणून मीही हसले. मग तिची पाठ वळल्यावर मी माझे कान चाचपून पाहिले.

डी.एड. करत असताना उन्हाळ्यात मी पुन्हा पाड्यावर गेले होते. तेव्हाची एक गोष्ट सांगून हे संपवते. पारूनं मला घरी बोलावलं. तिला कुठल्याशा योजनेसाठी अर्ज लिहून हवा होता. मी ओटीवर बसून लिहिला, तिला मोठ्यानं वाचून दाखवला आणि सही करायला म्हणून पुढे केला. तिनं कागद घेतला, सही केली नाही. शेजारच्या घरातून सातवीत शिकणारी एक मुलगी बोलावली आणि तिला म्हणाली, "तू वाच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू वाईस तिकडं जाऊन बस." मी अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. मुलगी अडखळत, अक्षरं जुळवत वाचत होती. पारू डोळे मिटून ऐकत होती, ओठांनी मी वाचलेलं आठवून ताडून बघत होती. मला राग आला नाही. उलट शेवटच्या ओळीपर्यंत मीही माझेच शब्द मनात ताडून बघत होते. वाचन संपलं. पारूनं डोळे उघडले, कागदावर आपलं नाव हळूहळू काढलं आणि मला हाक मारली, "ये, जुळलं. भाकर खाऊन जा."